पुसून टाकलेले उत्तर

एकदा एका तरुण अभियंता मुलीला एका नदीचे उत्तर सापडले.

नदीचे नाव तांबणी आणि मुलीचे नाव शाल्मली. नदीवर एकच धरण होते आणि त्या धरणावर तिघांची भिस्त होती. धरणाच्या लगत उंबरखेडे, तिथे ऊस. कालव्याच्या अगदी शेवटी टोकवाडी, तिथे कांदा आणि हरभरा. आणि या दोहोंच्या मध्ये भैरवपेठ नावाचे चाळीस हजार वस्तीचे शहर, ज्याला प्यायला हेच पाणी. धरण भरले की तिघेही एकमेकांच्या लग्नाला जात. धरण निम्मे राहिले की तिघेही एकमेकांची तोंडे पाहत नसत.

त्या वर्षी धरण निम्मेच राहिले होते. आदल्या वेळी असे झाले तेव्हा कालव्याचे गेट फोडले गेले, तिघांची डोकी फुटली आणि गेट फिरवायची दांडी अडीच महिन्यांनी एका कडब्याच्या गंजीत सापडली. मधल्या काळात महिनाभराचे पाणी ओढ्याने वाहून गेले आणि भैरवपेठेत मार्चपासून टँकर फिरू लागले. तसे पुन्हा होऊ नये म्हणून खात्याने शाल्मलीला संगणकावर चालणारी एक निर्णयसाहाय्य प्रणाली तयार करण्याचे काम दिले. धरणात किती पाणी, कोणाच्या पिकाला किती लागते, उन्हाने किती उडते, कालव्यातून किती झिरपते, हे सारे तिच्यात भरायचे. मग कोणाला किती पाणी द्यावे, ते प्रणाली हिशेब करून सांगणार.

शाल्मलीने दोन वर्षे खपून ते काम केले. उद्घाटनाला वरिष्ठ आले. त्यांनी संगणकाला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला आणि भक्तिभावाने पडद्याला ओला हार घातला. हाराचे पाणी कळफलकात उतरले. त्यामुळे नदीच्या खोऱ्याचा पहिला शास्त्रशुद्ध निर्णय पंख्याखाली वाळून दोन तास उशिरा बाहेर पडला.

पण बाहेर पडला तो निर्दोष होता. उंबरखेड्याला पाण्याच्या चार पाळ्या, टोकवाडीला तीन, आणि भैरवपेठेचा तलाव दर पस्तीस दिवसांनी भरायचा. शाल्मलीने तो भर सभेत वाचून दाखवला. सोबत चाळीस पानांचा अहवालही वाटला.

मग उंबरखेड्याच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष रंगनाथ आहेर उठले.

"मॅडम, ह्या कॉम्प्युटरचं गाव कोणतं?"

"गाव? तो पुण्यात तयार केलाय."

"पुण्यात त्याच्या नळाला रोज पाणी येत असंल," टोकवाडीच्या सरपंच लंकाबाई गुंजाळ बसल्या जागेवरून म्हणाल्या. "त्याला काय कळायचं आमचं?"

भैरवपेठेचे नगराध्यक्ष छाजेडशेठ अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी शाल्मलीला बाजूला घेऊन हळूच विचारले, "ताई, खरं सांगा. याला कुणी फोन केला होता का?"

उंबरखेड्याचे लोक म्हणाले, संगणक टोकवाडीला सामील आहे. टोकवाडीचे म्हणाले, उंबरखेड्याला सामील आहे. संगणक कोणाच्या बाजूचा यावरून हातघाई होण्याआधीच वरिष्ठांनी सभा तहकूब केली आणि आठवणीने गेटची दांडी आपल्या गाडीत घालून घरी नेली.

शाल्मली फार दुखावली. लोकांचा विश्वास बसत नाही याचा अर्थ उत्तर पुरेसे अचूक नाही, असे तिला वाटले. म्हणून तिने तीन आठवडे आणखी मेहनत घेतली आणि जे आकडे आधी पूर्णांकात होते ते दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत नेले. तरी मन निश्चिंत होईना. तेव्हा ती आपल्या गुरूंकडे गेली.

दिगंबर शेवाळे हे तिचे गुरू. कालव्यावर मोजणीदार म्हणून लागले, शिकत शिकत अभियंता झाले आणि निवृत्तीपूर्वीची दहा वर्षे त्यांनी नव्या अभियंत्यांना शिकवण्यात घालवली. ती पोहोचली तेव्हा ते अंगणात बसून नळाची गळकी तोटी खोलत होते. तिने ओट्यावर लॅपटॉप मांडला आणि दोन तास सारे समजावून सांगितले. सरांनी ऐकता ऐकता तोटीचा वायसर बदलला.

शेवटी त्यांनी विचारले, "यातलं उत्तर पुसता येतं का?"

"बदलता येतं, सर. कुठला आकडा बदलू?"

"बदलू नकोस. पूस. सगळं उत्तर पुसून टाक. माहिती राहू दे."

शाल्मलीला वाटले, सरांच्या ऐकण्यात काही चूक झाली असावी. "सर, दोन वर्षांचं काम आहे. उत्तर बरोबर आहे."

"बरोबर आहे हे मलाही दिसतंय. पूस आता. पुढच्या सभेला मी येतो."

गुरूंची आज्ञा मोडवेना आणि पटेही ना. तिने त्यांच्यासमोर उत्तर पुसले. परंतु त्याआधी, सर हात धुवायला आत गेले असताना, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली. शिष्येची श्रद्धा कितीही दृढ असली तरी शाल्मली अभियंता होती.

दुसरी सभा धरणावरच्या विश्रामगृहात भरली. भिंतीवर पडदा लावला होता, त्यावर धरणापासून टोकवाडीपर्यंतचा नकाशा. यावेळी माणसे जास्त आली होती, आणि काही जण चपला पायात ठेवूनच बसले होते, म्हणजे उठायला वेळ लागू नये. दिगंबर सर उभे राहिले. जुन्या लोकांनी त्यांना ओळखले.

"मंडळी," ते म्हणाले, "यंत्राकडे उत्तर नाही."

सभेत आनंद पसरला.

"तीन आठवडे घेऊन उत्तर न्हाई?" रंगनाथराव प्रफुल्लित झाले. "मग काय आता आम्ही द्यायचं का उत्तर?"

"द्या," सर म्हणाले आणि त्यांनी माउस रंगनाथरावांच्या हातात दिला.

रंगनाथरावांनी कोंबडीचे पिलू धरावे तसा तो धरला. शाल्मली शेजारी बसली. ते सांगतील तसे ती भरू लागली.

"आमच्या उंबरखेड्याला पाच पाळ्या लिहा. पाचच. जास्त मागत न्हाई."

पडद्यावर उंबरखेड्याची शेते हिरवीगार झाली. त्यांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच खाली भैरवपेठेचा तलाव तांबडा झाला आणि त्यावर तारीख उमटली, एकोणीस मार्च.

"हे काय?"

"त्या दिवशी शहराचं पाणी संपतं," शाल्मली म्हणाली.

"संपू द्या की. शहर त्यांचं हाय."

छाजेडशेठ शांतपणे म्हणाले, "आहेर, तुमचा बंगला आमच्या शहरातच आहे ना? भवानी कॉलनीत, शेवटच्या गल्लीत? दोन्ही मुलं तिथंच शिकतात. त्या गल्लीत पाणी आत्ताच चढत नाही. एकोणीस मार्चला तुमचं घर पहिलं कोरडं पडेल. एका मुलाची दहावी आहे, नाही का?"

रंगनाथरावांनी माउस शाल्मलीकडे सरकवला. "साडेचार करता येत्यात का?" त्यांनी विचारले.

मग लंकाबाई पुढे आल्या. त्यांनी माउसला हात लावला नाही. खुर्ची ओढून शाल्मलीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "लिही बाई. वरून न्हाई, टोकापासून. आधी आमचं भिजवायचं, मग वर वर यायचं."

शाल्मलीने तसे भरले. सभेतले सारे डोळे टोकवाडीच्या शेतांवर लागले. ती शेते फिकट पिवळी झाली आणि तशीच राहिली. उंबरखेड्याची मात्र न मागता हिरवी झाली.

उंबरखेड्याच्या लोकांत हशा पिकला. "घ्या ताई, आधी तुम्हीच घ्या. आमचं काय म्हणणं न्हाई!"

लंकाबाई कडाडल्या, "बघा! म्हणत नव्हते मी, मशीन त्यांचंच हाय!"

"मशीन नाही, ताई," दिगंबर सर म्हणाले. "कालव्याला भोकं आहेत. तुमच्यापर्यंत पाणी न्यायचं तर अकरा दिवस कालवा भरून चालवावा लागतो, आणि निम्मं पाणी वाटेत यांच्या विहिरींत उतरतं."

हशा थांबला. उंबरखेड्याचे काही लोक आपल्या चपलांकडे पाहू लागले. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. सगळ्यांदेखत भिंतीवर मात्र ती आजवर कोणी पाहिली नव्हती.

"अन् भोकं बुजवली तर?" लंकाबाईंनी विचारले.

शाल्मलीने तो आकडा बदलला. टोकवाडी हळूहळू हिरवी झाली, शेवटच्या चार वावरांपर्यंत नाही, पण झाली. आता हसायला कोणी नव्हते. शाल्मलीच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मनातून ओशाळली. तिच्या मूळ उत्तरात कालवा दुरुस्त होईल असे तिने गृहीतच धरले होते. तो दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न तिच्या कामाच्या कक्षेत येत नव्हता.

तो प्रश्न आता विश्रामगृहात येऊन बसला होता. भोके उंबरखेड्याच्या हद्दीत होती आणि ती बुजवली तर उंबरखेड्याच्याच विहिरी आटणार होत्या. रंगनाथराव म्हणाले, आम्ही आमच्या हाताने आमची विहीर का आटवू? लंकाबाई म्हणाल्या, माणसं आमची देतो, सिमेंट तुम्ही द्या. छाजेडशेठ म्हणाले, सिमेंट नगरपालिकेच्या नाल्याच्या कामातून उरले आहे. मग कोणीतरी विचारले, विहिरींची भरपाई म्हणून उंबरखेड्याची एक पाळी आधी दिली तर? "बघू," शाल्मली म्हणाली आणि तसे करून पाहिले. जमेना. दुसऱ्याने दुसरे सुचवले. तेही करून पाहिले. छाजेडशेठनी एकदा सगळे पाणी शहराला देऊन पाहिले, तेव्हा लंकाबाईंनी फक्त एवढेच विचारले, की मग सोमवारच्या बाजारात शहर काय खाणार, फरश्या?

दुपारचे जेवण झाले. झुणका-भाकरी उंबरखेड्याची होती आणि टोकवाडीने ती खाल्ली. जेवताना लोक पाळ्यांविषयीच बोलत होते, परंतु 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या मधून मधून 'जर' आणि 'तर' हे शब्द येऊ लागले होते.

चारच्या सुमारास बरेचसे जुळत आले, भोके बुजवायलाही उंबरखेडे कुरकुरत कबूल झाले. तेव्हा दाराशी बसलेला एक म्हातारा उठला. सखाहरी त्याचे नाव. भोई समाजाची पंधरा-वीस कुटुंबे दर उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळूवर खरबुजे लावत, त्यांतला तो. त्याला सभेचे बोलावणे नव्हते. तो मासे घेऊन विश्रामगृहावर आला होता आणि भांडण ऐकत बसला होता.

"साहेब, नदीत बी थोडं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले. नदीत पाणी सोडले तर प्रणाली ते कुठे दाखवते, ते शाल्मलीने शोधले. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात एक चौकट होती. तिच्यावर शब्द होता, 'वाया'.

सखाहरीला वाचता येत होते. "आम्ही वाया?" त्याने विचारले. त्याच्या स्वरात राग नव्हता. सरकारी कागदावर आपल्याला नेमके काय म्हणतात ते तो विचारून घेत होता.

तो शब्द शाल्मलीनेच दोन वर्षांपूर्वी घातला होता. ज्या पाण्याने पीक भिजत नाही आणि नळ वाहत नाही, त्याला दुसरे काय म्हणायचे, असे तेव्हा वाटले होते.

"नाव बदल बाई तिथलं," लंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

शाल्मलीने 'वाया' खोडून 'नदी' असे लिहिले. त्यानंतर त्या चौकटीत शून्य ठेवणे कोणालाच बरे वाटेना. रंगनाथराव घसा साफ करत म्हणाले, "आमची जनावरं बी तिथंच पाणी पितात म्हणा." बरीच ओढाताण होऊन शंभरातले चार भाग नदीसाठी ठरले. पाच वाजता कागद झाला आणि त्याच्यावर सह्या झाल्या. उंबरखेड्याला चार पाळ्या, टोकवाडीला तीन, शहराचा तलाव दर सदतीस दिवसांनी.

माणसे चहाला बाहेर गेली. शाल्मलीने खिशातून पेनड्राइव्ह काढला, घाईघाईने जोडला आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग ती सरांकडे धावली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, हे तर माझंच उत्तर आहे! चार पाळ्या, तीन पाळ्या. फक्त तलावात दोन दिवसांचा फरक. मी महिन्यापूर्वी हेच सांगितलं तर मला विचारलं की कॉम्प्युटरचं गाव कोणतं. आणि सर, यांचं उत्तर माझ्यापेक्षा चार टक्के पाणी कमी वापरतं. ते चार टक्के मी भरून काढू शकते. अजून लोक गेले नाहीत. सांगू का?"

"उत्तर पुसायला सांगितलं होतं ना मी?" सर म्हणाले.

ती खाली पाहू लागली.

"असू दे. मी तुझ्या वयाचा असतो तर दोन प्रती घेतल्या असत्या," ते हसून म्हणाले. त्यांनी तिला शेजारी पायरीवर बसवले. समोर रंगनाथराव आणि छाजेडशेठ सिमेंटच्या पोत्यांवरून वाद घालत चहा पीत होते.

"शाल्मली, तुझं उत्तर चुकीचं असतं तर मी ते दुरुस्त करायला सांगितलं असतं. ते बरोबर होतं, हीच अडचण होती. तयार उत्तर समोर आलं की माणूस त्यात आपला वाटा तेवढा बघतो. शहराचं पाणी कधी संपेल हे तुझ्या अहवालात नव्हतं का?"

"होतं, सर. बत्तिसाव्या पानावर."

"रंगनाथरावांनी ते आज पाहिलं, कारण आज ते त्यांच्या हातून संपलं. हे यंत्र 'असं केलं तर काय होईल' एवढंच विचारायला केलेलं आहे. तो विचारण्याचा भाग तू एकटीनं दोन वर्षं केलास. त्यात तू किती शिकलीस! आणि लोकांपुढं काय ठेवलंस? नुसता निकाल. त्यांनी आज एका दिवसात तुझी दोन वर्षं चालून पाहिली. म्हणून तुझ्याच ठिकाणी येऊन पोहोचले."

"आणि चार टक्के?"

सरांनी समोर बोट दाखवले. विश्रामगृहाच्या फाटकाबाहेर सखाहरी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन नदीच्या दिशेने उतरत होता.

"ते तुझ्या यंत्राला ठाऊक नव्हते," सर म्हणाले. "तुला ठाऊक होते का?"

शाल्मलीने मान हलवली. नव्हते. मग तिने पेनड्राइव्हवरचे उत्तर स्वतःच्या हाताने पुसले. यावेळी प्रत घेतली नाही.

उन्हाळा कडक गेला. ठरले ते सगळेच तंतोतंत झाले असे नाही. टोकवाडीची शेवटची चार वावरे वाळली. सिमेंटची अकरा पोती वाटेत कुठे गेली ते कळले नाही, आणि उंबरखेड्यातल्या एका नव्या कट्ट्याविषयी सगळे समजून गप्प राहिले. एप्रिलमध्ये उंबरखेड्याच्याच एका पुढाऱ्याने पाळी संपल्यावरही गेट उघडे ठेवायचा प्रयत्न केला. रंगनाथराव तिथे खुर्ची टाकून बसले. "आरं, हे म्या सोताच्या हातानं भरलंय," ते त्याला सांगत होते. "तू इथं अर्धी पाळी जास्त घेतलीस तर कुठं तांबडं होतं ते मला पाठ हाय. दाखवू का तुला?" आणि त्यांनी वाळूवर काठीने धरण, कालवा, शहर काढून त्याला तासभर शिकवले. शेवटी तो माणूस गेटपेक्षा या शिकवणीला कंटाळून घरी गेला. डोके कोणाचेही फुटले नाही. जूनपर्यंत शहराला दर चौथ्या दिवशी का होईना पाणी आले, आणि पात्रात खरबुजे झाली.

पावसाळ्याच्या तोंडावर खात्याकडून शाल्मलीला एक तक्ता भरायला आला. त्यात प्रश्न होता, 'प्रणालीने दिलेला निर्णय लोकांनी स्वीकारला काय?' पुढे दोनच चौकटी होत्या, होय आणि नाही.

'होय' वर खूण करावी तर प्रणालीने निर्णय दिलाच नव्हता. 'नाही' वर करावी तर वरिष्ठांना वाटले असते की दोन वर्षे फुकट गेली. ती बराच वेळ लेखणी हातात धरून बसली. मागच्या वर्षी आला असता तर हा प्रश्न तिला अगदी योग्य वाटला असता, किंबहुना तो तिनेच असा लिहिला असता. या विचाराने तिला एकटीलाच हसू आले.

मग तिने दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि खाली नीट अक्षरात लिहिले, "निर्णय लोकांनी घेतला. प्रणाली सभेला हजर होती."